अख्खा चेहरा

राणी गजभियेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. सिंगापुरात बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात, ती कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटीच बसली होती. समोर इथली ती काळी, दाट कॉफी गार होत चाललेली. शेजारच्या टेबलावर दोन चिनी आजीबाई मासळीवरून तावातावाने बोलत होत्या आणि ही त्यांच्याकडे न बघता, ओठातल्या ओठात, त्यांचं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणत होती. हेल तोच आणि वाक्याच्या शेवटी पडणारं ‘लाह’सुद्धा तसंच. मी ट्रे ठेवायला तिच्या अंगावरून गेले आणि माझ्या तोंडून सवयीने “अगं बाई” निघालं.

तिने चटकन मान वर केली. “मराठी?”

“हो. मी अरुणा. पुण्याची. पण तुम्ही हे काय करताय?”

“अभ्यास,” ती म्हणाली. “मी नटी आहे. इथे अजून कुणी काम दिलेलं नाही, पण आहे मी नटी.”

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मी ट्रे तिथेच ठेवून तिच्यासमोर बसले. पुढची सगळी वर्षं मी तिला जवळून बघत आले आहे.

राणीचा जन्म नागपूरचा. वडील धम्मानंद गजभिये इलेक्ट्रिशियन. ती नऊ-दहा वर्षांची असताना त्यांना कॅनडात थंडर बे नावाच्या गावी कागदाच्या गिरणीत नोकरी मिळाली आणि सगळं घर तिकडे गेलं. गावात मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. बर्फात गाडी हाकताना वडील रेडिओवर हवामानाचा अंदाज लावायचे. मागच्या सीटवरून राणी त्या निवेदकाच्या आवाजात पुढच्या दिवसाचा अंदाज सांगायची, गिरणीच्या मॅनेजरच्या आवाजात वडिलांना रागवायची. परक्या देशात अबोल झालेला तो माणूस तेवढ्यापुरता मोठ्याने हसायचा. आपण दुसऱ्याचं बोलणं बोललो की बाबा हसतात, एवढंच तिला तेव्हा कळलं होतं.

शाळा संपल्यावर तिने टोरांटोच्या नाट्यशाळेत जायचं काढलं तेव्हा आई, बेबीताई, भडकल्या. त्यांची बोली शेवटपर्यंत नागपूरचीच राहिली.

“शिक म्हटलं तर नाटक शिकते म्हणे! नाचगाणं करायले आणलं का तुले एवढ्या दूर?”

वडील सहसा मध्ये पडत नसत. त्या दिवशी पडले. “बेबी, माझा बाप जलशात उभा राहायचा. बाबासाहेबांचं म्हणणं कंदिलाच्या उजेडात गावोगाव गाऊन सांगायचा. लोक दगड मारायचे, तरी गात राहायचा. त्याले नाचगाणं म्हणू नको. पोरीले शिकायचं आहे ना? मग काय शिकायचं ते तिलेच ठरवू दे.”

बेबीताई दोन-तीन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मुलीची बॅग भरली.

टोरांटोतली सुरुवातीची वर्षं तशीच गेली जशी तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुलींची जातात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बायको, रडणारी नवरी, टॅक्सीवाल्याची बहीण. एका दिग्दर्शकाने तिला सांगितलं, “जरा जास्त इंडियन बोल.” तिने विचारलं, “कुठलं इंडियन? नागपूरचं की थंडर बेचं?” तो गोंधळला. त्या दिवशी तिने त्याला हवं तसं बोलून दाखवलं, कारण घरभाडं द्यायचं होतं. पण घरी येऊन तिने मनाशी ठरवलं, की यापुढे असं तोंड वेडंवाकडं करायचं तर त्या पात्रात तसं काही कारण असलं पाहिजे. या निश्चयापायी तिची पुष्कळ कामं गेली.

मग एका हॉस्पिटलच्या मालिकेत तिला नर्सचं काम मिळालं. नर्सला नावसुद्धा नव्हतं. दोन वाक्यं होती. राणी एका खऱ्या नर्सकडे जाऊन सलाइनची सुई चिकटपट्टीने कशी बसवतात, चादर न ओढता रोग्याला कुशीवर कसं वळवतात, ते शिकून आली. चित्रीकरणात बाकीचे नट मोठमोठी भाषणं करत असताना ती मागे मुकाट्याने हे सगळं करत राहिली. लेखकांना ती मागची बाई आवडली. पुढच्या भागात तिला नाव मिळालं, त्याच्या पुढच्यात एक भांडण मिळालं, आणि ती नर्स त्या मालिकेत पाच वर्षं टिकली. कॅनडात लोक तिला रस्त्यात ओळखायला लागले. याच काळात नागपूरहून पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करायला आलेल्या उत्तम मेश्रामशी तिचं लग्न झालं. मुलगी झाली, जाई. वडिलांनी मालिकेचा शेवटचा भाग पाहिला आणि त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले.

मालिका संपली आणि फोन वाजायचा थांबला. नर्सचा चेहरा सगळ्यांच्या डोळ्यात इतका बसला होता की दुसरं काम कुणी द्यायला धजेना. त्याच सुमाराला उत्तमला सिंगापुरात संशोधनाची नोकरी चालून आली. घेऊ की नको, असं त्याने विचारलं तेव्हा राणी अडतीस वर्षांची होती.

“घे,” ती म्हणाली. “मी येते. पण काम सोडून येत नाहीये, हे लक्षात ठेव. काम घेऊनच येतेय.”

बोलायला हे सोपं होतं. ती इथे उतरली नवऱ्याच्या मागे, डिपेंडंट पासवर. त्या पासवर नोकरी करायची तर कंपनीने तिच्यासाठी वेगळी परवानगी काढायला हवी, आणि दोन दिवसांच्या शूटिंगसाठी ती खटपट कोण करणार? वर तिचं बोलणं. एजंट म्हणायचे, “दिसता इंडियन, बोलता कॅनेडियन. तुम्हाला बसवायचं कुठे?” मी तिला भेटले ती या दिवसांत. पर्मनंट रेसिडेन्सी मिळेपर्यंत काम मिळणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. तेवढ्या वेळात इथली बोली जिभेवर बसवायची, असं तिने ठरवलं होतं.

तिची गुरू होती जाई. बालवाडीतच ती पोर इथली झाली होती.

“कॅन आय हॅव सम मोअर, प्लीज?” राणी म्हणायची.

“आई, नो लाह! सो लाँग!” जाई कपाळाला हात लावायची. “जस्ट से, ‘आंटी, ॲड समोअर, कॅन?’”

“ॲड सम मोअर, कॅन?”

“फास्टर, आई. यू साउंड लाइक टीचर.”

मी तिला आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात ओढलं. आम्ही हौशी मंडळी, बँकेतले, आयटीतले. तालमीपेक्षा बटाटेवड्यांकडे आमचं लक्ष जास्त. पहिल्या दिवशी राणीने नुसती तालीम पाहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “अरुणाताई, तुम्ही नवऱ्याशी भांडताय, पण बघताय प्रेक्षकांकडे. घरी पद्माकररावांशी भांडताना तुम्ही असं दुसरीकडे बघत नसाल.” मला राग आला. पण त्या वर्षी माझ्या भांडणाला टाळी पडली, हेही खरं.

तीन वर्षांनी तिघांनाही पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली. तिचं इथलं पहिलं काम होतं पाया लेबार भागातल्या एका ऑफिसच्या सुरक्षेच्या व्हिडिओत. आगीची घंटा वाजत असताना ईमेल पूर्ण करत बसणारी मठ्ठ कर्मचारी. तिने तेही इतक्या मन लावून केलं, की शूटिंग बघायला थांबलेला तिथला एक साहेब शेवटी खरोखरच ओरडला, “उठा हो, बाई!” त्यानंतर एका कौटुंबिक मालिकेत शेजारची आंटी, मग एकीत शाळेची मुख्याध्यापिका. आणि मग, इथे येऊन सहा वर्षं होत आली तेव्हा, कोह नावाच्या एका तरुण दिग्दर्शिकेने तिला छोट्या मालिकेत मुख्य काम दिलं. एका वकील बाईचं. प्रत्येक भागात ती होती. राणीने आम्हाला जेवायला बोलावून ही बातमी दिली आणि उत्तमने वाढता वाढता दोनदा विचारलं, “आणि सगळ्यात मोठा रोल कुणाचा?”

शूटिंग सुरू व्हायला पंधरवडा होता. सकाळी राणीने चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. तिला वाटलं, झोपेत जीभ चावली असेल. बाहेर आली तर जाईने कॉर्नफ्लेक्सचा चमचा हवेतच थांबवला.

“आई, व्हाय युअर फेस लाइक दॅट?”

उत्तमने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला फोन खाली पडला. “दोन्ही हात वर कर,” तो म्हणाला. “वर. आता माझं नाव घे.”

“उत्तम,” ती म्हणाली, पण तिच्या ओठांतून ‘उत्तन’ असं काहीतरी आलं. हात मात्र दोन्ही वर गेले होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा पक्षाघात नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. त्यामुळे अर्धा चेहरा निजला आहे. बेल्स पाल्सी. बहुतेकांचा चेहरा परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. औषधं लगेच सुरू झाली. डावा डोळा मिटत नव्हता, म्हणून झोपताना पापणीवर पट्टी लावायची.

“मी नटी आहे,” राणी डॉक्टरांना म्हणाली. “कधी परत येईल?”

“ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, याबद्दल ती नंतर नेहमी त्यांचं कौतुक करायची. त्या क्षणी मात्र तिला त्यांचा गळा धरावासा वाटला होता.

कोह स्वतः घरी आली. फोनवरही सांगता आलं असतं. सोफ्याच्या कडेवर बसून ती म्हणाली, की थांबणं शक्य नाही, सगळ्यांच्या तारखा बांधलेल्या आहेत, दुसरी नटी घ्यावी लागेल. बोलता बोलता तिलाच रडू आलं. राणीचा डावा डोळा तसाही सारखा पाझरत होता. त्यामुळे कोण किती रडलं ते कुणाला कळलं नाही.

“जा,” राणी म्हणाली. “चांगली कर मालिका. मी बघणार आहे.”

तिने खरंच बघितली. दुसऱ्या नटीने काम उत्तम केलं होतं, असं तिनेच मला सांगितलं.

फिजिओथेरपीचं खरं स्वरूप समजेपर्यंत तिने एक चूक केली. तिला वाटलं, जोर लावला की चेहरा हलेल. आरशासमोर उभी राहून ती गाल ओढायची, डोळा आवळायची, घामाघूम व्हायची. थेरपिस्टने ते पाहून तिला थांबवलं.

“जोर लावायचा नाही. नस परत वाढते तेव्हा ती घाईत चुकीच्या ठिकाणी जाऊन जोडली जाते. तुम्ही हसायला जाल आणि डोळा मिटेल. हळू. अगदी थोडं. आणि मग थांबायचं.”

आयुष्यभर हट्टाने पुढे गेलेल्या बाईला थांबायला सांगणं म्हणजे काय, ते मी बघत होते. रोज सकाळी ती आरशासमोर बसायची. ओठाचा डावा कोपरा केसभर वर. सोडायचा. पुन्हा केसभर वर. कधी कधी आठवडा जायचा आणि काहीच हलायचं नाही. तरी ती जोर लावत नसे. मला विचाराल तर तिची खरी जिद्द मला त्या थांबण्यात दिसली.

मंडळातल्या बायका यायच्या. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, आता पुरे झालं, घरी बस, मुलीकडे लक्ष दे. राणी निमूट चहा करायची. आईला व्हिडिओ कॉल करताना मात्र ती कॅमेरा बंद ठेवायची. शेवटी बेबीताईंच्या लक्षात आलं.

“काऊन गं तोंड लपवते? मले दाखव.”

“नको आई.”

“मी जन्म दिला त्या तोंडाले. दाखव म्हणते ना.”

राणीने कॅमेरा लावला. बेबीताईंनी चष्मा पुसून स्क्रीन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाल्या, “डोळ्यात औषध टाकते ना रोज?”

“टाकते.”

“बराबर जेवते ना?”

“हो.”

“मग झालं तर. कामाचं पाहा आता. कोण काम देते ते पाहा.” आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर थंडर बेच्या त्या घरात त्या किती रडल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

वर्षभरात चेहरा बराचसा परत आला. सगळा नाही. बोलताना ओठाचा डावा कोपरा किंचित मागे राहतो, आणि ती मनापासून हसली की डावा डोळा अर्धा मिटतो. तिच्या एजंटने फोन घेणं केव्हाच थांबवलं होतं. मग तिनेच कोहला फोन लावला. कोह पुलाउ उबीन बेटावर राहणाऱ्या एका बाईवर टीव्हीसाठी चित्रपट करत होती. बेटावर सायकली भाड्याने देणारी, कंपोंगातलं, म्हणजे तिथल्या खेड्यातलं, जुनं घर सोडायला तयार नसलेली विधवा.

“मला काम देऊ नकोस,” राणी म्हणाली. “फक्त ऑडिशन घे.”

ऑडिशन पाया लेबारच्या एका ऑफिसात झाली. टेबलामागे कोह होती आणि तिच्याशेजारी निर्माता. राणीने प्रसंग करून दाखवला. निर्मात्याला काम आवडलं, ते दिसत होतं. तो जरा चाचरत म्हणाला, “छान. खूप छान. आपण कॅमेरा तुमच्या उजव्या बाजूला ठेवू. कुणाला काही कळणारही नाही.”

राणीने पिशवी उचलून खांद्याला लावली. “तुम्हाला अर्धी बाई हवी असेल तर दुसरी शोधा,” ती शांतपणे म्हणाली. “मी अख्खी आले आहे.”

“या बाईचा चेहरा असा का, ते गोष्टीत सांगावं लागेल,” निर्माता म्हणाला.

“का सांगावं लागेल? तुमच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाचा चेहरा तसा का आहे, ते कुणी तुम्हाला सांगितलं होतं?”

राणी लिफ्टपर्यंत पोचली होती, तेव्हा मागून कोह धावत आली. निर्मात्याशी तिचं अजून मिटलं नव्हतं, पण ती म्हणाली, “पुढच्या आठवड्यात सायकलची चेन बसवायला शिकून ठेव.” मिटायला महिना लागला. तोपर्यंत राणी चेनच काय, पंक्चरही काढायला शिकली होती. तिच्या इमारतीखाली तिने उत्तमच्या चांगल्या सायकलची दोनदा वाट लावली.

शूटिंगला मी एक दिवस गेले होते. सकाळी चांगीहून बमबोट पकडली, म्हणजे लाकडी मोटरबोट. बेटावर जमिनीपासून दोन हात उंच उभारलेलं पत्र्याचं घर, पुढे सायकलींची रांग, आणि त्या गरमीत राणी फुलाफुलांच्या ढगळ ब्लाउजमध्ये, हाताला ग्रीस लागलेली. त्या दिवशीचा प्रसंग हसण्याचा होता. घर सोडा म्हणून समजवायला शहरातून आलेला पुतण्या ऐटीत सायकलवर बसतो आणि चिखलात आडवा होतो. बाई पोट धरून हसते. सगळ्या चित्रपटात राणीला धास्ती होती ती याच प्रसंगाची. रडणं तिला जमत होतं. हसताना मात्र चेहरा तिच्या हातात राहत नसे.

पुतण्या पडला. राणी हसली, आणि हसता हसता तिचा हात तोंडावर गेला. कोहने शॉट थांबवला.

“छान होतं,” कोह म्हणाली. “हात आला तो चालेल. बाया तोंडावर हात ठेवतात.”

“नाही,” राणी म्हणाली. “तो हात माझा होता. तिचा नव्हता. ती इथे एकटी राहते, ती कुणासाठी तोंड झाकेल? परत घेऊ.”

पुतण्याचे कपडे बदलले, चिखल पुन्हा ओला केला. तो पुन्हा पडला. या वेळी राणीने दोन्ही हातांनी घराचा खांब धरला आणि ती हसली. डावा डोळा मिटला, तोंड एका बाजूला गेलं, खांद्यापासून ती गदगदत राहिली. कॅमेरा समोर, सरळ तिच्या चेहऱ्यावर होता. लाइट धरणारा माणूस हसायला लागला, चिखलातला पुतण्याही हसायला लागला. कोहने ‘कट’ म्हणायला उशीर केला. मी एका झाडाखाली उभी होते आणि मला काय होत होतं ते मी सांगत नाही.

चित्रपट टीव्हीवर लागला. फार गाजला असं नाही. इंटरनेटवर काहींनी घाण लिहिलं, ‘वाकड्या तोंडाची बाई कशाला घेतली’ वगैरे. जाई ते वाचून लाल झाली आणि उत्तरं द्यायला बसली. राणीने तिचा फोन काढून घेतला नाही. “लिही,” म्हणाली, “पण स्पेलिंग तपास.”

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघी बेडोकच्या बाजारात मासळी घेत होतो. मासळीवाला सुरी थांबवून राणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आंटी, यू दॅट बायसिकल लेडी, राइट?” राणीने मान हलवली. त्याने सांगितलं, की त्याच्या आईला पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. तेव्हापासून ती जेवायला सगळ्यांसोबत बसत नव्हती, खोलीत ताट नेत होती. तो चित्रपट तिने दोनदा बघितला. आता ती बाहेर येऊन बसते. एवढं सांगून त्याने मासा कापायला घेतला आणि आम्हाला काय द्यायचं होतं ते विसरून भलताच मासा दिला. राणीनेही तोच घेतला.

या गोष्टीला आता दोनेक वर्षं झाली. राणीला कामं येतात, धो धो नाही, पण येतात. एका मालिकेत ती डॉक्टर झाली, एका जाहिरातीत आजी. चाळीशीत आजी झालीस म्हणून उत्तम तिला चिडवतो. ती म्हणते, “सत्तेचाळीस. हिशेब नीट कर.” जाई बारा-तेरा वर्षांची झाली आहे आणि आईच्या सिंगापुरी बोलीला अजूनही दहापैकी सातच गुण देते.

सध्या तिच्या हातात न्यायाधीशाचं काम आहे. त्यासाठी ती हल्ली सकाळी कोर्टात जाऊन लोकांसाठीच्या बाकावर बसते. परवा मी तिला विचारलं, “काय बघतेस एवढं?”

“न्यायाधीश ऐकताना चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, अरुणाताई,” ती म्हणाली. “अजिबात काही नाही. ते कसं करतात ते मला शिकायचंय.” आणि पर्स सावरत ती एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्याकडे निघाली, कारण दहाला कोर्ट बसतं आणि तिला पुढच्या बाकावर जागा हवी होती.